माशाच्या ताटाबरोबर ड्राय व्हाइट वाईन: आधी आंबट बघा, मग मासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवणला घरी सहा माणसांचं जेवण होतं, त्यासाठी नाशिकची सोव्हिन्यॉन ब्लां ही ड्राय, म्हणजे गोड नसलेली, पांढरी वाईन आणली. तळलेल्या सुरमईबरोबर ती सुरेख लागली. बांगड्याच्या तिखल्याबरोबर कडू आणि जळजळीत झाली. सोलकढीचा घोट घेतल्यावर तर वाईनच्या जागी नुसतं गार पाणी लागलं. बाटली तीच असताना असं का झालं, आणि कशाबरोबर काय द्यावं?

बाटलीत काही खोट नव्हती. ‘माशाबरोबर पांढरी वाईन’ हा नियम जिथे तयार झाला तिथे मासा मीठ, लोणी आणि लिंबू एवढ्यावरच शिजतो. आपल्याकडे ताटाची चव आमसूल, ओलं खोबरं, तिरफळ आणि मसाला ठरवतात. त्यामुळे पापलेट की सुरमई हे नंतर बघायचं. आधी पदार्थात आंबट कशाचं आणि किती आहे ते बघा, मग तिखट किती आहे ते. या दोन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं.

हे वाचून पटण्यापेक्षा जिभेवर लवकर पटतं. एका ताटलीत पाच गोष्टी काढा: चिमूटभर मीठ, अर्धा चमचा कोकमाचं आगळ तेवढ्याच पाण्यात मिसळून, गुळाचा लहान खडा, खवलेलं ओलं खोबरं आणि अगदी चिमूटभर लाल तिखट. थंड सोव्हिन्यॉन ग्लासात घ्या आणि आधी नुसता एक घोट घेऊन तिचा आंबटपणा लक्षात ठेवा. मग जिभेवर मीठ ठेवून घोट घ्या: वाईन मऊ होते, फळाचा स्वाद वर येतो. थोडा कोरडा भात खाऊन पाणी प्या आणि आगळ चाटून घोट घ्या: वाईनचा आंबटपणा एकदम गायब, ती पाणचट होते. पुन्हा भात, पाणी. गूळ चघळून घोट घ्या: तीच वाईन लिंबू पिळल्यासारखी आंबट लागते. खोबरं चावून घोट घ्या: तोंडातला स्निग्धपणा निघून जातो, तोंड स्वच्छ होतं. तिखट सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर जीभ दहा मिनिटं तरी कामाची राहत नाही. तिखटावर घोट घेतला की जळजळ वाढते आणि घशाशी कडवटपणा येतो.

तुमच्या जेवणात नेमकं हेच झालं. तळलेल्या सुरमईत मीठ आणि तेल होतं, दोन्ही वाईनला सावरणारे. तिखल्यात मिरची होती, आणि मिरचीची आग दारूने विझत नाही, उलट भडकते. वाईनचा गारवा क्षणभर बरा वाटतो इतकंच. सोलकढी वाईनपेक्षा जास्त आंबट होती. जिभेला तीव्र आंबटाची सवय झाली की त्याहून सौम्य आंबट तिला कळतच नाही. म्हणून वाईन निदान पदार्थाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती मार खाते. सोलकढीत वर कच्चा लसूण आणि नारळाचं दूध, त्यामुळे वास आणि जीभ दोन्ही झाकली जातात. सोलकढी सोडायची नाही, तिची वेळ बदलायची: वाईन संपल्यावर, भाताबरोबर.

आता चव घेण्याबद्दल. ग्लास पातळ कडेचा, वर किंचित निमुळता, साधारण ३०० ते ३५० मिलीचा असावा आणि तिसरा हिस्साच भरावा. आपल्या घरांत ग्लासाचा वास ही खरी अडचण असते. स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसलेल्या ग्लासाला मासळीचा किंवा साबणाचा वास राहतो आणि मग लोक वाईनला नावं ठेवतात. गरम पाण्याने विसळून उलटा घालून निथळू द्या, पुसू नका. चव घ्यायची ती तळण सुरू होण्याआधी, पडवीत किंवा खळ्यात. अगरबत्ती, डासांची कॉईल, अंगावरचं अत्तर नको. फाल्गुन-चैत्रात घरात सुरंगीचे वळेसर असतील तर तेही लांब ठेवा. सुरंगीचा दरवळ इतका दाट असतो की त्यापुढे सोव्हिन्यॉनचा वास टिकत नाही.

आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून रंग बघा. ताजी ड्राय व्हाइट फिकट असते, कधी हिरवट झाक असते. पिकल्या लिंबासारखा गडद पिवळा रंग दिसला तर ती जुनी झाली आहे, उन्हाने गेली आहे किंवा लाकडी पिंपात मुरवलेली आहे. मग ग्लास न हलवता वास घ्या, नंतर गोल फिरवून पुन्हा घ्या. दोन्हींत फरक असतो: पहिल्यात हलके, लवकर उडणारे वास असतात, दुसऱ्यात फळं. सोव्हिन्यॉनमध्ये कापलेलं गवत, ढोबळी मिरची, पेरू, पपनसाची साल, कैरी हे वास ओळखता येतात. पुस्तकी वर्णनांत जिथे ग्रेपफ्रूट लिहितात तिथे आपण बिनधास्त पपनस म्हणावं, तो जवळचाच भाऊ आहे. शेनिन ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाईनमध्ये सफरचंद, नासपती, पिकलेला पेरू, कधी मधाची छटा.

घोट १० ते १५ मिलीचा, म्हणजे दोन-तीन चमचे. तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग गिळा किंवा थुंका. चार-पाच बाटल्या तपासायच्या असतील तर थुंकणंच बरं, नाहीतर तिसरीनंतरचे निष्कर्ष भरवशाचे नसतात. आंबटपणा मोजायची सोपी युक्ती: गिळल्यावर मान खाली घालून तोंड बंद ठेवा आणि लाळ किती आणि किती वेळ सुटते ते बघा. साखर आहे की फळाच्या वासाने गोड वाटतंय हे कळत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद केल्यावर गोडी गेली तर ती वासाची होती, राहिली तर साखरेची.

ही युक्ती बाटली निवडताना फार उपयोगी आहे. ड्राय म्हणजे द्राक्षातली साखर आंबवताना जवळजवळ सगळी संपलेली, लिटरला साधारण ४ ग्रॅमपर्यंत उरलेली. सोव्हिन्यॉन बहुधा अशीच असते. शेनिन ब्लां मात्र नाशिकमध्ये बरेच उत्पादक थोडी साखर ठेवून करतात. मागच्या लेबलवर ड्राय, किंवा थोडी साखर राखलेली असेल तर ऑफ-ड्राय किंवा सेमी-ड्राय लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. ही साखर दोष नाही. कोकणी ताटावर तीच कधी कधी वाचवते, ते पुढे येतंच. शेनिन मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली, सोव्हिन्यॉनही फ्रान्सचीच. नाशिकला सुला या वाईन कंपनीने या दोन्हींच्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आणल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली या कंपनीचे द्राक्षमळे आहेत, तिथलीही सोव्हिन्यॉन मिळते.

लेबलवरचं साल नीट बघा. युरोपात द्राक्षं ऑगस्ट-ऑक्टोबरच्या सुमारास काढतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे त्याच सालची ताजी वाईन पावसाळ्याच्या आसपास दुकानात दिसू लागते. ताजेपणासाठी घ्यायची वाईन चालू किंवा मागच्या सालाची घ्या. तीन-चार वर्षांपूर्वीची सोव्हिन्यॉन स्वस्त मिळाली तरी नको. गवत, पेरू, पपनस सगळं उडून गेलेलं असतं आणि उरतो तो नुसता आंबट, शिळ्या सफरचंदाचा स्वाद.

नाशिकहून कोकणात येताना बाटलीला सगळ्यात जास्त त्रास उष्णतेचा होतो. मे महिन्यात उभ्या गाडीच्या डिकीत दोन-तीन तास गेले तरी वाईन भाजून निघते. बूच वर सरकलेलं, मानेवर चिकट ओघळ, वासाला शिजवलेलं सफरचंद ही त्याची खूण. घरी आणल्यावर माळ्यावर कौलांखाली किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका; माजघरात जमिनीलगत, अंधारात ठेवा. पारदर्शक काचेची बाटली ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने राहिली की उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, दुकानाच्या फळीवरची पुढची बाटली म्हणून घेऊ नये. पावसाळ्यात लेबलवर बुरशी आली तर घाबरू नका, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला त्याने काही होत नाही. बुचाच्या बाटलीतून मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष. हवा लागून तो जात नाही, बाटली परत करा. आगपेटीच्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास असेल तर ग्लासात जोरात फिरवून पाच मिनिटं थांबा, बहुतेक वेळा जातो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी. चिंचेतलं मुख्य आम्लही तेच.

थंडाव्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या, कारण आपल्या हवेत तिथेच घात होतो. ग्लासात ओतताना वाईन ८ ते १० अंश सेल्सिअस हवी. फ्रिजमध्ये तीन तास ठेवली की ती साधारण तिथे येते. वेळ नसेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. १५ ते २० मिनिटांत काम होतं. नुसत्या कोरड्या बर्फाच्या तुकड्यांत दुप्पट वेळ लागतो, कारण तुकड्यांमधल्या हवेतून उष्णता हळू जाते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाईन उणे ५-६ अंशांना गोठते, फुगते आणि झाकण ढकलते. ग्लासात बर्फ टाकू नका, आंबटपणा आणि वास दोन्ही पातळ होतात. उन्हाळ्यात ३२ अंशांच्या पडवीत ग्लासातली वाईन बघता बघता कोमट होते आणि मग दारूची झणझण आणि कडवटपणा पुढे येतो. म्हणून एका वेळी ८०-१०० मिलीच ओता, बाटली पुन्हा बादलीत ठेवा. ७५० मिलीच्या बाटलीत असे सात ते नऊ ग्लास होतात. सहा माणसांच्या जेवणाला दोन बाटल्या पुरतात.

आता ताट. सोव्हिन्यॉनची खरी जागा तळणाजवळ आहे. रवा लावून तळलेली सुरमई, पापलेट, मांदेली, आणि सगळ्यांत वर बोंबील. बोंबलात पाणी फार, म्हणून ते उघडून मीठ लावून पाट्याखाली अर्धा तास दाबून ठेवायचे. पाणी निघालं नाही तर कव्हर मऊ पडतं आणि वाईनला जो कुरकुरीत, खारट आधार लागतो तो मिळत नाही. अर्धा किलो सुरमईला एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे आगळ आणि एकच चमचा सौम्य तिखट. रवा तीन भाग, तांदळाचं पीठ एक भाग. आगळात मीठ असतं हे धरून मीठ थोडं हात राखून घाला. तिखट जास्त झालं की ते तव्यावर करपतं, आणि करपलेल्या तिखटाचा कडवटपणा वाईनच्या कडवटपणात मिसळून दुप्पट होतो. तेल ताजं हवं. कालच्या मासळीचं तेल वापरलं तर वाईनचा वास मेलाच. लिंबाची फोड ताटात ठेवा, पण मासा लिंबात भिजवू नका. चार थेंब पुरे.

तिसऱ्यांचं सुकं ही मला सर्वांत आवडती जोडी वाटते. शिंपल्यातलं खारं पाणी, ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची: सोव्हिन्यॉनमधला हिरवा वास इथे आपल्या घरी आल्यासारखा बसतो. अट एकच, मालवणी मसाला अर्धा चमचा आणि अर्धा किलोला तीनपेक्षा जास्त आमसुलं नाहीत. कालवांचं सुकं, माकूल, हिरव्या वाटणातली कोळंबी हे याच रांगेतले. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर मुस्कादे आणि स्पेनच्या गालिसियात अल्बारिन्यो या अशाच हलक्या, आंबट वाईन शिंपल्यांबरोबर पितात. कारण तेच, खारट मांसाला आंबटाची धार.

नारळाच्या रसातली कालवणं, म्हणजे पापलेटची आमटी किंवा सुंगटाचं (कोळंबीचं) कालवण, जरा अवघड. खोबऱ्यात गोडी असते, वर आमसूल, वर मिरची. इथे ड्राय सोव्हिन्यॉन एकाच वेळी पाणचट आणि जळजळीत होते. तेव्हा ऑफ-ड्राय शेनिन काढा, ८ अंशांपर्यंत चांगली थंड, दारूचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास असलेली. तिच्यातली जराशी साखर मिरची शमवते आणि खोबऱ्याच्या गोडीला जुळते. ड्रायच प्यायची असेल तर कालवणात बदल करा: आमसुलं निम्मी, बेडगी मिरची रंगापुरती, आणि शेवटी जाड रस दोन डाव जास्त.

बांगड्याचं तिखलं मी वाईनबरोबर देणार नाही. तिरफळाचा लिंबाच्या सालीसारखा वास सोव्हिन्यॉनला खरं तर छान जुळतो, पण मिरची ते होऊ देत नाही. बांगडा द्यायचाच असेल तर कोवळ्या आगीवर भाजलेला, मीठ-हळद आणि चार ठेचलेली तिरफळं एवढ्यावर. तिरफळाच्या आतली काळी बी काढून टाका, फक्त सालीत स्वाद असतो. बांगडा आणि तारली सकाळचीच हवीत. तेलकट मासळीचं तेल लवकर खवट होतं, आणि वाईनमधलं लोह त्या तेलाशी भिडलं की तोंडात शिळ्या मासळीचा वास उठतो. लाल वाईनमध्ये लोह सहसा जास्त असतं, म्हणून बांगड्यावर लाल वाईन घेतली की धातूसारखी चव जाणवते. पांढरीत ते कमी, पण शिळा मासा तीही लपवत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात बर्फातल्या मासळीवर वाईनचा बेत न केलेला बरा.

त्याऐवजी शाकाहारी पदार्थ आहेत आणि त्यांच्याकडे फार दुर्लक्ष होतं. चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ खोबऱ्यात, गरम मसाला अगदी नावाला: ऑफ-ड्राय शेनिनबरोबर याहून चांगलं काही सुचत नाही. कोवळ्या फणसाची भाजी, मोहरी आणि ओल्या खोबऱ्यातली, सोव्हिन्यॉनबरोबर जाते. घावणे आणि खोबऱ्याची हिरवी चटणीही. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि कोंबडी-वडे मात्र नकोत. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपापुढे ही हलकी वाईन उभीच राहत नाही. सुक्या बोंबलाची चटणीही नको. गोडाचं तर नावच नको: मोदक, खाजं, हापूस यांच्यानंतर ड्राय वाईन म्हणजे गुळाच्या खड्यानंतरचा तो घोट.

त्या सहा माणसांच्या जेवणाचा क्रम मी असा लावीन: पडवीत नुसती सोव्हिन्यॉन आणि खारवलेले काजू, मग तिसऱ्यांचं सुकं घावण्याबरोबर, मग बोंबील आणि सुरमई. इथे पहिली बाटली संपते. मग भात, कमी तिखट पापलेटची आमटी आणि थंड शेनिन. ग्लास उचलले की सोलकढी, आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी तिखलं.

उरलेली वाईन झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर आणखी एखादा दिवस. चौथ्या दिवशी ती प्यायची नाही, शिजवायची. अर्धा किलो तिसऱ्या दोन तास खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू सोडवून घ्या. स्टीलच्या पातेल्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची परता, १०० मिली वाईन ओता, मिनिटभर उकळू द्या म्हणजे दारूचा उग्रपणा उडतो. मग तिसऱ्या आणि झाकण, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी भांडं नको, आंबटाने धातूची चव उतरते. वाईन घातली असेल तर आमसूल एकच पुरे. शिंपले उघडले की गॅस बंद करून ओलं खोबरं आणि कोथिंबीर वरून घाला. उघडले नाहीत ते टाकून द्या.